तोळामासा

मोईन, आधी गळाला हात लावू नकोस.
आधी पाणी बघ.
पलीकडून वारणा येते, गढूळ, घाईची,
अलीकडून कृष्णा, जेवून उठल्यासारखी सावकाश.
दोघींची जिथं शिवण पडलीय ना,
तिथं तळाला शिंगटा पडून असतो.
त्याच्यापर्यंत कोण पोचणार
ते शिसं ठरवतं.

हे शिसं तुझ्या बापाच्या दुकानातलं.
ट्रकच्या चाकाला तोल द्यायला ठोकलेलं,
अंकली फाट्याच्या खड्ड्यांत सुटून पडलेलं.
दस्तगीर डब्यात साठवतो,
मी मुशीत वितळवतो.
मूस तीच, कोईमतूरची.
तेहेतीस वर्षं तिच्यात
लोकांची मोडलेली मंगळसूत्रं पाणी झाली.
सोनं वितळताना खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नसे.
शिसं वितळताना तू शिट्टी वाजवतोस.
चालतंय.
फक्त धुराच्या बाजूला बसू नकोस.

आता ऐक.
वाळूचा तळ असेल तर चपटं,
भाकरीच्या तुकड्यासारखं, बसून राहणारं.
दगड असतील तर लांबट, बोटभर,
म्हणजे फटीतून निसटतं.
गोल फक्त साचल्या डोहाला;
धारेत गोळी घरंगळत
थेट अंकलीच्या पुलाखाली.
वजन एवढंच, की धार त्याला हलवायला बघेल
आणि हलवणार नाही.
किंवा थोडं हलवेल.
ते थोडं किती, मला काट्यावर सांगता येत नाही.
विट्याची पोरं मी गुंजभर फरकासाठी
रात्रभर उभी केलीत,
आणि इथं माझंच बोट चुकतं.

तंगूस.
रिळावरचा चाळीसचा.
गळाचा तीसचा, वीतभर,
शिशाच्या वर हातभर सोडून बांधायचा.
आणि शिशाला कच्चा घ्यायचा, मुद्दाम,
हिसक्यासरशी तुटणारा.
हसू नकोस.
या तळाला काय काय आहे –
महापुरात गेलेलं दुकानाचं शटर,
कुणाची तरी सायकल,
बुजलेल्या हळदीच्या पेवांकडून घसरलेले दगड.
अडकतं ते शिसंच.
अडकलं की ते नदीचं,
वरचा मासा आपला.
हे कुणी शिकवलं नाही.
पन्नासेक शिशं आणि मांडीएवढी एक वांब
घालवल्यावर कळलं.

परवा कोयनेतनं पाणी सोडलं.
भोंगा वाजला आणि मी भ्यालो, खरं सांगतो,
पाच तोळ्यांचं बांधलं.
पाच तोळे!
ते जे बसलं तळाला
ते संगमेश्वरापुढच्या नंदीसारखं.
रात्रभर काठीच्या टोकाचं घुंगरू गप्प.
पहाटे ओढलं तर गळ चाटूनपुसून लख्ख.
कुणीतरी निवांत जेवून गेलं
आणि मला पत्ता नाही.
तू मात्र माझ्या डब्यातला उरलेला तुकडा,
अडीच तोळे, न विचारता लावलास.
तुझं शिसं सरकत, थांबत, पुन्हा सरकत
चिंचेच्या मुळ्यांकडं गेलं,
जिथं धार दमते.
मग तुझं घुंगरू वाजलं
आणि तुला झोप लागलेली.
मीच लाथ मारून उठवलं.

मिशाळ, काळाभोर, चिडलेला.
मी सवयीनं सोन्याचा काटा काढला.
पारड्यात डोकं तेवढं मावलं,
बाकी सगळा मासा पायरीवर.
तू विचारलंस, "काका, हा किती मासे?"
म्हटलं, आठ गुंजांचा मासा होतो,
बारा माशांचा तोळा.
तू बोटं घातलीस, ओठ हलवलेस,
दिवाळीपासूनचे सगळे मोजलेस.
"म्हणजे अजून आपला
एक तोळासुद्धा झाला नाही."

काट्याची पेटी मी मिटली.
पारड्याला चिकटलेला खवल्याएवढा चिखल
तसाच राहू दिला.
सात कमी आहेत.
जा, कर्दळीच्या बुडातली गांडुळं काढ,
आणि बापाला सांग,
खड्डे बुजवू देऊ नको म्हणावं एवढ्यात.